पातळ काशाचा मोठा आवाज

ड्रमकिटच्या क्रॅश सिंबलवर काठी पडते तेव्हा सगळ्यात आधी ऐकू येते ती काठीच. लाकडाचा कोरडा, टक्कन आवाज. मग सेकंदाचे काही शतांश जातात आणि धातू उघडतो. आधी मधले, जरासे घुमे स्वर येतात आणि त्यांच्या मागोमाग, वळवाची पहिली सर पत्र्यावर यावी तसा, वरचा सगळा झगमगाट एकदम कोसळतो. ध्वनिशास्त्राची माणसं याचं कारण सांगतात. काठीने दिलेला जोर आधी पत्र्याच्या मोठ्या, संथ हेलकाव्यांत शिरतो आणि तिथून फुटत फुटत बारीक, झपाट्याच्या कंपनांत उतरतो, म्हणून चकाकी थोडी उशिरा पोचते. त्या कंपनांत इतकी बेशिस्त असते की त्यातून एक स्वर वेगळा काढून दाखवता येत नाही. पेटी घेऊन बसलात तरी तिची कुठलीच पट्टी त्याला लागत नाही. ड्रम वाजवणारे हे मोजत बसत नाहीत. ते एवढंच म्हणतात, ‘हा पटकन उघडतो’, किंवा तोंड वाकडं करून, ‘हा उघडतच नाही गं’.

हा उघडण्याचा क्षण मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही. पुण्यात आमचा बँड आहे, जोरात वाजवणाऱ्यांपैकी. दोन गिटार, एक बेस, एक जिवाच्या आकांताने गाणारा गायक आणि सगळ्यांच्या मागे मी. नोकऱ्या सुटल्यावर आम्ही एका इमारतीच्या तळघरात जमतो. भिंतींना फोम आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या आहेत, छत इतकं खाली की उभं राहून काठी उगारली तर ट्यूबलाइटला लागेल. अशा खोलीत क्रॅश चांगला की वाईट हे पहिल्या गाण्याच्या पहिल्या कोरसला कळतं. नको असताना तो ऐकू येत राहतो, ही खरी अडचण.

अशा बँडसाठी क्रॅश घ्यायचा म्हटलं की सल्ला ठरलेला. जाड घे. वाजवणं दणक्यात, म्हणजे पत्राही दणकट पाहिजे. जाड असला की टिकेल आणि जाड असला की मोठ्याने वाजेल. हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की कोणी उलट विचारायला जात नाही. दुकानदार सांगतो, जुनेजाणते सांगतात, कंपन्याही जाड सिंबलवर ‘रॉक’ असा छाप मारून तेच सांगत आल्या आहेत. माझं मत नेमकं उलट आहे. जोरात वाजवणाऱ्याने क्रॅश घेराने मोठा घ्यावा आणि अंगाने पातळाकडे झुकणारा घ्यावा. आणि तो किती मोठ्याने वाजतो हे ऐकण्याआधी, किती वेळात गप्प बसतो ते ऐकावं.

मुळात क्रॅश जन्माला आला तोच पातळ होऊन.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आवेदिस नावाचा एक आर्मेनियन किमयागार होता. सोनं बनवायच्या खटपटीत असताना १६१८ च्या सुमाराला त्याला तांबं आणि कथील यांचं असं मिश्रण साधलं की त्याचा पत्रा खणखणीत वाजे आणि तरी फुटत नसे, अशी त्या घराण्यात चालत आलेली हकिकत आहे. सुलतानाच्या फौजेबरोबर मेहतेर नावाचं वाद्यपथक चाले. नगारे, सनया, झांजा, सगळा दणदणाट. त्या पथकाला आवेदिसच्या झांजा पसंत पडल्या, १६२३ मध्ये त्याने स्वतःची भट्टी घातली आणि झिल्जान हे नाव तेव्हापासून आजतागायत सिंबलवर उमटत राहिलं. तेव्हा रॉकवाल्यांना कोणी ‘हे संगीत आहे की लढाई’ असं विचारलं तर रागावू नये. या वाद्याचं मूळ फौजेतच आहे. पुढे युरोपातल्या संगीतकारांना या तुर्की थाटाची भुरळ पडली. मोझार्टने १७८२ च्या आपल्या ऑपेरात तो घेतला, बेथोव्हनच्या १८२४ च्या नवव्या सिंफनीत शेवटच्या भागात झांज येते तीही फौजेच्या चालीतच. पण या सगळ्या जोडीच्या झांजा. दोन हातांत दोन, एकमेकींवर आपटायच्या.

१९२९ मध्ये त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका आवेदिसने बोस्टनजवळ क्विन्सी या गावी कारखाना काढला. तोवर हा गृहस्थ अमेरिकेत गोड गोळ्यांचा धंदा करत होता. तिकडून काकाचं पत्र आलं की घराण्याची विद्या आता तू सांभाळ, आणि साखरेच्या पाकातून उठून तो कथलाच्या रसाकडे गेला. (मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. चालता धंदा सोडून मंदीच्या तोंडावर झांजा ओतायला बसणं हे आमच्यापैकी कुणाच्याही घरी मान्य झालं नसतं.) गिऱ्हाईक कोण, तर जॅझ वाजवणारे. जीन क्रूपा, चिक वेब, जो जोन्स अशा ड्रमरांशी त्याचं उठणं-बसणं होतं. क्रूपाला पातळ सिंबल हव्या होत्या, मारल्याबरोबर उसळाव्यात आणि लगेच विराव्यात, कारण पुढची मात्रा दाराशी येऊन उभी असे. आवेदिस पत्रा पातळ करत गेला. स्टँडवर एकटीच टांगलेली सिंबल, तिच्या कडेवर काठीचा फटका आणि त्यातून एकदम फुटणारा आवाज, हे आजचं रूप त्या दिवसांतलं. आज जाड क्रॅशची भलामण करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

या धातूशी आपली ओळख जुनीच आहे. चार भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्याकडच्या काशाचं प्रमाणही जवळपास हेच. तळपाय चोळायची काशाची वाटी ज्या जातीची, त्याच जातीचा माझा क्रॅश. माझी आजी काशाचं ताट उचलताना दुसऱ्या हाताचा टेकू द्यायची. पितळेचं भांडं पडलं तर त्याला पोचा येतो, काशाचं पडलं तर तडकतं, हे तिला कुणी धातुशास्त्र न शिकवता ठाऊक होतं. एवढं कथील पोटात घेतलं की कासं कडक होतं आणि ठिसूळही. ज्या कडकपणामुळे ते इतका वेळ निनादतं, त्याच कडकपणामुळे ते फुटतं. आणि त्याची तऱ्हाही उफराटी. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. हे कासं तापवून पाण्यात टाकलं की नरम पडतं आणि मगच हातोडीखाली यायला राजी होतं. कारखान्यात ओतीव चकती पुन्हा पुन्हा तापवून लाटतात, मधोमध घुमट उठवतात, पाण्यात विझवतात, ठोकतात आणि शेवटी लेथवर फिरवून अंगभर गोल चऱ्या पाडतात.

माझ्याकडचा अठरा इंची क्रॅश टेबलावरच्या दिव्याखाली तिरका धरला की हा सगळा प्रवास वाचता येतो. घुमटाच्या मुळाशी चऱ्या दाट, कडेकडे येताना सैल. त्यांच्या खाली हातोडीचे ठोके, उथळ, करंगळीच्या नखाएवढे. दिवा जरा सरकवला की एकेक वर येतो आणि पुन्हा बुजतो. कडेपासून दोन बोटं आत काठ्यांनी सोडलेले राखी पट्टे आहेत, कुठे आडवे, कुठे कललेले, त्यावरून कुठल्या गाण्यात हात थकला होता तेही सांगता येईल असं मला उगीचच वाटतं. कंपनीचा काळा छाप निम्मा उडाला आहे. वजन दीड किलोच्या आतबाहेर. कड चिमटीत धरून दाबली तर ती किंचित लवते आणि सोडली की जागेवर येते. जाड सिंबल असं काही करत नाही. नखाने कडेला टिचकी मारून कान अगदी जवळ नेला तर तळातून एक खोल गुंजन ऐकू येतं. दोन हातांवर गेलात की ते नाहीसं होतं. ते फक्त सिंबलच्या मालकासाठी असतं.

कसबा पेठेत तांबट आळीतून जाताना तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चाललेलं ऐकू येतं. तिथला ठोका भांड्याला बळ देतो, रूप देतो. सिंबलवरचा ठोका या दोन्हींबरोबर आवाजही बदलतो, कारण प्रत्येक ठोक्यागणिक पत्र्यात कुठे ताण पडतो, कुठे ढील. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन सिंबल सारख्या वाजत नाहीत. वजनातही दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे होतातच. ज्यांना घरबसल्या मागवायची सवय लागली आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण क्रॅशच्या बाबतीत माझा त्यावर विश्वास नाही.

जाडीचा आणि आवाजाचा संबंध मला ड्रमकिटच्या कितीतरी आधी कळला तो टाळ आणि झांजेमुळे. वारकऱ्यांचा काशाचा टाळ तळहातात मावेल एवढा, पण जाड. त्याला स्वर असतो. कडेवर कड टेकली की नेमका, टोकदार नाद निघतो आणि हवेत उभा राहतो. शंभर टाळ एकत्र वाजत असले तरी तो नाद चिरत चिरत पुढे येतो. झांज रुंद आणि पातळ. तिला स्वर नाही, नुसता सपकारा आहे. कॉलेजात असताना मी ढोल-ताशा पथकात झांज धरायचे. लक्ष्मी रोडवर दोन्हीकडच्या इमारतींच्या मधे शेकडो ढोल, त्यांच्यावर ताशांची तर्री, आणि तरी झांज ऐकू यायची, कारण तिचा आवाज ढोलाच्या जागेत शिरतच नाही, त्याच्या वरच्या मजल्यावरून चालतो. पत्रा जसा जाड होत जातो तसा आवाज घंटेकडे सरकतो. जसा पातळ होतो तसा स्वर विस्कटतो. क्रॅशचं काम विस्कटण्याचं आहे. त्याला घंटा करून काय मिळवायचं?

सोळा इंची जाड क्रॅशवर दणकून मारून बघा. ठण्ण असा आधी घंटेचा स्वर निघतो, त्याच्या मागे चकाकी रेंगाळत येते, आणि ती उघडायला दर वेळी खांद्यापासून जोर लावावा लागतो. तिसऱ्या गाण्यानंतर तो जोर राहत नाही. मग क्रॅश अर्धवट उघडतो आणि मैफलभर कुणीतरी पाण्याच्या पाइपावर पाना मारत असल्याचा भास होतो.

मग हे जाडीचं खूळ आलं कुठून? त्याला एकेकाळी कारण होतं. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले आणि त्यांचा ड्रमर रिंगो याच्या सैल, सळसळत्या सिंबल घराघरांत पोचल्या. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर माणसं किंचाळत होती आणि रिंगोला बाकीच्या तिघांचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या हालचाली बघून तो ताल धरत होता. त्याच सुमाराला लंडनमध्ये द हू या बँडच्या टाउनशेंड आणि एन्टविसल या दोघांनी अॅम्प बनवणाऱ्या जिम मार्शलकडे आणखी मोठा, आणखी मोठा असा लकडा लावला आणि शंभर वॉटचा अॅम्प आला. गिटारवाल्याने एक बटण फिरवायचं, की आवाज दुप्पट. ड्रमवाल्याकडे बटण कुठलं? ड्रमला माइक लावून तो लोकांपर्यंत न्यायची सोय तेव्हा क्वचितच असे. त्याच्याकडे दोन हात आणि समोरचा धातू. मग धातू वाढत गेला. १९८० मध्ये पाइस्टे या स्विस कंपनीने ‘रूड’ नावाची मालिका काढली, लेथवर न चढवलेली, रांगडी, हातोडीचे घाव उघडे ठेवलेली, खास या गोंगाटासाठी. तिचा आवाज उर्मट आहे आणि त्या उर्मटपणावर माझं प्रेम आहे, हेही कबूल करायला हवं. पण तो एका अडचणीवरचा तोडगा होता. आज गावच्या गणपतीतही साउंडवाला ड्रमवर दोन माइक टांगतो. अडचण गेली, तोडगा तेवढा राहिला.

आणि त्या काळातही सगळे जाडीच्या मागे गेले नव्हते. लेड झेपलिनचा जॉन बॉनम हा दणकून वाजवणाऱ्यांचा कुलपुरुष. तो पाइस्टेच्या ‘२००२’ मालिकेच्या सिंबल वाजवी. मालिका १९७१ ची, नाव मात्र पुढच्या शतकाचं. त्यांच्यात कथील आठच टक्के, बाकी तांबं. आज याच आठ टक्क्यांच्या पत्र्यातून शिकाऊ मुलांच्या स्वस्त सिंबल निघतात आणि मिश्रधातूचे पंडित त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात. बॉनमला कुणी ते सांगितलं नसावं. तो मोठ्या घेराच्या सिंबल घ्यायचा, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणांत क्रॅश खोलीभर पसरून वेळेवर बाजूला होताना ऐकू येतो. कथलाच्या टक्क्यांवरून क्रॅश निवडू नये, यासाठी मला एवढा पुरावा पुरे आहे.

‘वेळेवर बाजूला होतो’ हे मी जपून म्हणते आहे, कारण माझ्या लेखी तिथेच सगळं ठरतं. फाटलेला गिटारचा आवाज मधली सगळी पट्टी व्यापून बसतो. गाणाऱ्याची अक्षरं, त्यातले स, श, च, त, हे त्याच्या जरा वर राहतात. नेमकी तिथेच क्रॅशची चकाकी येऊन बसते. जाड क्रॅश सात-आठ सेकंद सुद्धा शेपूट हलवत राहतो. तेवढ्यात पुढची ओळ सुरू होऊन निम्मी संपलेली असते आणि गायक मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर कुठल्याही बँडमध्ये सारखीच असते. त्यातून हल्लीच्या गाण्यांत कोरस आला की राइड, म्हणजे एरवी ताल धरायची सिंबल, सोडून क्रॅशवरच सलग मात्रा मारायची पद्धत आहे. एकदा मारून सोडून द्यायचा क्रॅश वेगळा आणि चार-चार मिनिटं त्याच्यावर राहायचं असेल तर वेगळा. तिथे रुंद, पातळसर पत्रा सळसळत राहतो, आपल्यातच एक पडदा धरतो आणि पडद्याच्या अलीकडे गाणं ऐकू येतं. जाड पत्रा प्रत्येक मात्रेला नव्याने ठणकतो.

दुकानात जायचं तर मी मुंबईला धोबीतलावला जाते. वाद्यांची जुनी दुकानं तिथे आहेत आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रंगभवन आहे, जिथे मुंबईतल्या रॉकवाल्यांच्या एका पिढीने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव ऐकला. शेजारी रुग्णालय, शेजारी कॉलेज. आवाजाचे नियम कडक झाले आणि ते उघडं नाट्यगृह आमच्यासाठी मिटलं. उघड्यावर क्रॅश कसा वेगळा वाजतो हे तिथे बसलेल्यांना विचारावं. भिंती नाहीत, छत नाही, शेपूट आकाशात जाते, हातात उरतो तो पहिला फटका. तळघरात ठणाणा करणारी सिंबल मैदानात केविलवाणी वाटू शकते. त्यामुळे आपण बहुतेक वेळा कुठे वाजवतो ते आधी ठरवून मगच दुकानाची पायरी चढावी.

दुकानात सिंबल झाडासारख्या स्टँडवर टांगलेल्या असतात, एकीवर एक. नवखा माणूस काठी घेतो आणि सगळ्यांवरून फिरवतो, टिंग टिंग टिंग. त्यातून काही कळत नाही. मी माझ्या काठ्या नेते, जाड टोकाच्या, ज्यांनी गिगला वाजवते त्याच. आवडलेली सिंबल उतरवून एका मोकळ्या स्टँडवर माझ्या उंचीला, माझ्या तिरपेला लावून घेते. आधी हळू मारते. हळू मारल्यावर उघडत नाही ती सिंबल मी बाजूला ठेवते, भले ती जोरात मारल्यावर कितीही छान वाजो. मग जोरात. मग लागोपाठ दोन, कारण पहिल्याची शेपूट जिवंत असताना दुसरा फटका चिखल करतो की नाही ते बघायचं असतं. मग मारून लगेच मुठीत धरायची, किती पटकन गप्प होते ते पाहायला. एकदा मी असं बराच वेळ चालवलं होतं, तेव्हा काउंटरमागचे अंकल, ज्यांनी तोवर पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं, उठून आले, माझ्या हातातली काठी घेतली आणि म्हणाले, ‘आता तू दारापाशी जा.’ त्यांनी मारलं. माझ्या कानापाशी जी सिंबल अंगावर येत होती ती दारापाशी बारीक आणि चिरकी वाजली. आणि जी मला जवळून जरा मंद, अंधारी वाटली होती ती दारापर्यंत रुंद होऊन आली. लोक आपल्याला नेहमी दारापाशीच ऐकतात. तेव्हापासून सोबत वाजवणारं माणूस असल्याशिवाय मी क्रॅश घ्यायला जात नाही.

एक घेतला की दुसऱ्याचा विचार येतोच. सोळा आणि अठरा ही जोडी सगळीकडे सांगतात; दणक्याच्या बँडला सोळा फार लवकर विझतो आणि गिटारखाली सापडत नाही. अठरा आणि वीस मला जास्त पटतात. दोघांत आवाजाच्या उंचीचा फरक स्पष्ट ऐकू यावा, पण दोघं एका घरातले वाटावेत. दोन्हींची उंची अगदी जवळ आली तर ऐकणाऱ्याला एकच क्रॅश दोनदा वाजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याचे पैसे पाण्यात.

आता ‘पातळ फुटेल’ ही भीती. फुटतात, खरं आहे. पण फुटायची कारणं बहुतेक वेळा पत्र्यात नसतात, मांडणीत असतात. विंगनट पिळून आवळलेला असतो, सिंबलला हलायला जागा नसते, आणि मग फटक्याचा सगळा जोर बाहेर न पडता कडेत साठतो. स्टँडच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची नळी झिजून गेलेली असते, लोखंडावर कासं घासत राहतं आणि मधलं भोक लांबट होतं. सिंबल सपाट लावलेली असते आणि कडेवर काठी समोरून, कुऱ्हाडीसारखी येते. थोडी तिरपी लावा, फटका पुसत न्या, नट दोन आटे ढिला ठेवा. लवणारी मोठी पातळ सिंबल असा फटका झेलून झुलते. न लवणारी जाड सिंबल तो अंगावर घेते, आणि तुमच्या मनगटावरही परत पाठवते. जुनी सिंबल घेत असाल तर कडेवरून नख फिरवा, चऱ्यांच्या रेषेत बारीक भेग लपते ती नखाला लागते. आणि घरी चिंच-मीठ लावून ती लख्ख करणाऱ्या प्रेमळ माणसांपासून तिला दूर ठेवा. आमच्याकडे दसऱ्याच्या आधी मी सिंबलची बॅग मित्राकडे ठेवते.

बाहेरून येणारा माल, त्यावर आयातशुल्क. बऱ्यापैकी अठरा इंची क्रॅशला पंचवीस-तीस हजार सहज मोजावे लागतात. एवढ्या पैशांत माणूस काहीतरी भरभक्कम मागतो, हे मला समजतं. हातात जड लागलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण क्रॅश तोळ्यावर घ्यायची चीज नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. अठरा आणि वीस, दोन्ही मिडियम-थिन, आणि हळू मारल्यावर उघडणारे. कंपनी कुठलीही असो; झिल्जान घराण्यातल्या भावांचं भांडण होऊन त्यातल्या रॉबर्टने १९८१ मध्ये कॅनडात काढलेलं सेबियनही चालेल, इस्तंबूलच्या जुन्या कारागिरांचंही चालेल. कानांची काळजी मात्र आजपासून घ्या. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, शंभर डेसिबलला पाव तास उरतो, आणि क्रॅश तर तुमच्या कानापासून हातभरावर वाजतो. आणि कुणी सोळा इंची जाड ‘रॉक क्रॅश’ फुकट देऊ केला तर नाही म्हणू नका. घ्या, विका, आणि त्या पैशांत फेल्ट, नळ्या आणि चांगले इअरप्लग आणा.